तारीख आणि टक्का

तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. अंगठ्याचे ३०, आणि एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. हात उजवा की डावा, याने फरक पडत नाही. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायद्याच्या परिशिष्टातून आलेलं हे कोष्टक आहे. अवयव गेल्यावर कामगाराची कमावण्याची क्षमता कितीने घटली असं मानायचं, ते त्यात आधीच ठरवून ठेवलेलं आहे.

हरियाणातल्या फरीदाबादच्या प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्याला हे कोष्टक वाचून दाखवावं लागत नाही. गाड्यांचे सुटे भाग पत्र्यातून दाबून काढणारी पॉवर प्रेस हे या शहराचं रोजचं यंत्र. पत्रा साच्याखाली सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, तुकडा उचलायचा. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय चालू न होणारी यंत्रं असतात, हात आत असेल तर आपोआप थांबणारी सेन्सरची सोयही असते. पण त्याला पैसे पडतात आणि वेग कमी होतो, म्हणून कुठे ती बसवलेलीच नसते, कुठे बसवून बंद केलेली असते. यंत्रावर बसलेला माणूस कागदोपत्री हेल्पर असतो आणि ठेकेदाराचा असतो. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने वार्षिक अहवाल काढते. गुरुग्राम, मानेसर, फरीदाबाद या पट्ट्यातल्या बोटं गमावलेल्या कामगारांची नोंद त्यात असते. नंतर याच संस्थेने पुण्यातही काम सुरू केलं. भोसरी-चाकणच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही.

आता हिशेब. समजा, पगार महिना १५,००० रुपये, म्हणजे दिवसाला ५००. कायमच्या अपंगत्वाचा पूर्ण दर रोजच्या सरासरी मजुरीच्या ९० टक्के, म्हणजे ४५० रुपये. तर्जनी गेली असेल तर त्याचे १४ टक्के: दिवसाला ६३, महिन्याला १,८९० रुपये, आणि तेही हयातभर. अंगठा असेल तर ४,०५०. रक्कम कमी आहे की पुरेशी, हा वाद घालता येईल. पण पंचवीस वर्षांच्या मुलाला उरलेल्या आयुष्यभर दरमहा काहीतरी देणारी ही तरतूद आपल्या देशातल्या फार थोड्या शाबूत तरतुदींपैकी एक आहे, हे आधी मान्य करायला हवं. ती मिळण्यासाठी किमान नोकरीची अट नाही. कामाच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क उभा राहतो. मालकाने वर्गणी भरलेली नसली तरी ईएसआय महामंडळाने कामगाराला लाभ द्यावा आणि मालकाकडून वसूल करावं, असं त्या कायद्याचं कलम ६८ सांगत आलं आहे.

कायदा इतका सरळ आहे, मग अडतं कुठे? तारखेवर. ‘क्रश्ड’च्या अहवालांत वर्षानुवर्षं एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली आहे: जखमी कामगारांपैकी बहुसंख्यांचं ईएसआयचं ओळखपत्र अपघात झाल्यानंतर निघालेलं असतं. नोंदणी नेमणुकीच्या वेळी व्हायला हवी. ती होते बोट तुटल्यावर, हात फडक्यात गुंडाळून माणूस दवाखान्याच्या वाटेवर असताना. मग कागदावर नोकरीची तारीख एक, नोंदणीची दुसरी, अपघाताची तिसरी. आणि या तिन्हींचा मेळ बसेपर्यंत कामगार शाखा कार्यालयाचे उंबरे झिजवतो. तोवर ठेकेदार बदललेला असतो.

या प्रस्तावनेला एकच गोष्ट सांगायची आहे. निवृत्तिवेतन आणि अपंगत्वाचे लाभ यांवर आपण बोलतो तेव्हा भाषा दयेची असते किंवा तिजोरीची. म्हाताऱ्यांचं कसं होणार, नाहीतर सरकारला परवडणार कसं. प्रत्यक्षात माणसाचं नशीब ठरतं ते एका तारखेने आणि एका टक्क्याने. तारीख कोणती धरायची आणि टक्का किती मोजायचा, हे कोण ठरवतं, आणि ठरलेलं कोणाच्या दबावाने बदलतं, हे या विषयाचं राजकारण. ठरलेलं प्रत्यक्ष खात्यात येईपर्यंत जे होतं ते प्रशासन. दोन्ही बघायला फरीदाबादइतकं सोयीचं शहर क्वचितच सापडेल.

हे शहर वसलंच मुळी आधार कुणाला आणि कसा द्यायचा, या प्रश्नावर. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून, बन्नू, पेशावर वगैरे भागांतून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून जुन्या फरीदाबादशेजारी नवं गाव उभारायला घेतलं. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि त्यांची इंडियन कोऑपरेटिव्ह युनियन त्यात होती. विकास मंडळाचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद होते. नेहरूंचं बारीक लक्ष होतं. छावणीत सरकारी मदतीवर बसवून ठेवण्याऐवजी माणसांना कामाला लावायचं, त्यांची घरं त्यांनाच बांधू द्यायची, असा तो प्रयोग. लक्ष्मीचंद जैन यांनी पुढे त्यावर ‘द सिटी ऑफ होप’ हे पुस्तक लिहिलं. निर्वासितांच्या सहकारी संस्थांचं शहर पुढे खाजगी कारखान्यांचं झालं. आज मेट्रोच्या स्थानकांची नावं वाचली तरी ते कळतं: बाटा चौक, एस्कॉर्ट्स मुजेसर. त्याच मार्गावर पुढे संत सूरदास स्थानक आहे, कारण जवळचं सिही हे गाव सूरदासांचं जन्मस्थान मानलं जातं. आंधळ्या कवीचं नाव मिरवणाऱ्या शहरात अपंगत्वाचा दाखला काढणं किती जिकिरीचं आहे, ते पुढे येईलच.

ईएसआयच्या योजनेमागे मात्र मराठी माणसं आहेत, आणि आपण ते विसरलो आहोत. १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करायला प्रा. बी. पी. अडारकर यांना नेमलं. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. अडारकरांचा अहवाल ऑगस्ट १९४४ मध्ये आला. त्याआधी, १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली, अपघाताची जबाबदारी एकट्या मालकावर असे. मालक वकील द्यायचा, कामगार हरायचा, किंवा कारखानाच बुडायचा. त्या जागी मालक आणि कामगार दोघांच्या वर्गणीचा एक सामायिक निधी आला. १९४८ ला कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, १९५४ मध्ये नागपूर आणि मुंबईत आली. महामंडळाच्या बोधचिन्हात पाच दिवे आहेत, म्हणून त्याच्या इमारतींचं नाव पंचदीप भवन. हरियाणाचं मुख्य कार्यालय फरीदाबादच्या सेक्टर १६ मध्ये आहे, एनआयटी भागात महामंडळाचं वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. आज कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जातात. पगाराची मर्यादा २१,००० रुपये आहे आणि ती २०१७ पासून तिथेच आहे. जो कुशल कामगार वाढ मिळून त्या रेषेपलीकडे जातो तो योजनेतून बाहेर पडतो. बढतीची अशी शिक्षा इतरत्र पाहायला मिळणार नाही.

बोट गेलं तर हे. बोटं शाबूत ठेवून माणूस अठ्ठावन्न वर्षांचा झाला तर? तेव्हा त्याला सेक्टर १५-ए मधलं भविष्य निधी कार्यालय गाठावं लागतं. १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, म्हणजे ईपीएस-९५, लागू आहे. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के तिच्यात जातात, केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं. पेन्शनचं सूत्र सोपं आहे: सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. मात्र ‘पगार’ म्हणजे खरा पगार नव्हे, मर्यादेपर्यंतचा पगार. ही मर्यादा आधी ५,००० होती, २००१ पासून ६,५००, आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. शिवाय किमान दहा वर्षं भरायला हवीत. ठेकेदार बदलत, खातं दर वेळी नवं उघडत काम केलेल्या माणसाची दहा वर्षं कागदावर जुळता जुळत नाहीत. बंद पडलेल्या कारखान्यांतून बाहेर पडलेली एक आख्खी पिढी या सूत्राने हजार-दोन हजार रुपयांवर येऊन थांबली. वर महागाई भत्ता नाही. पेन्शन सुरू झाली त्या दिवशीचा आकडा शेवटपर्यंत तोच.

किमान पेन्शन १,००० रुपये, हेही त्याच १ सप्टेंबर २०१४ ला ठरलं. त्याच्या आदल्याच वर्षी राज्यसभेच्या याचिका समितीने ती ३,००० करावी अशी शिफारस केली होती. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी. २०१९ मध्ये ते राज्यपाल म्हणून महाराष्ट्रात आले, तेव्हा या राज्यात बुलढाण्याला ईपीएस-९५ वाल्या वृद्धांचं साखळी उपोषण सुरू होऊन महिने लोटले होते. २४ डिसेंबर २०१८ पासून बसलेल्या त्या लोकांचं नेतृत्व कमांडर अशोक राऊत करत होते. मागणी होती ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता. दिल्लीच्या जंतरमंतरवर जे आंदोलन फरीदाबादचे निवृत्त कामगार ओळखतात, त्याचं मुख्यालय विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी आहे, ही गोष्ट मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर फारशी कधी आली नाही. या योजनेचे सुमारे ७८ लाख पेन्शनर देशभर आहेत. संख्या मोठी आहे, पण एका मतदारसंघात ते एकगठ्ठा नाहीत, एका कचेरीत नाहीत, आणि कामावर नसल्यामुळे संप करू शकत नाहीत.

याच्या शेजारी सरकारी कर्मचारी ठेवून पाहा. संरक्षण खात्यातून निवृत्त झालेले डी. एस. नकारा सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ मार्च १९७९ ही तारीख धरून सरकारने पेन्शनरांचे दोन भाग केले होते. तारखेनंतर निवृत्त होणाऱ्यांना सुधारित सूत्र, आधीच्यांना जुनं. १७ डिसेंबर १९८२ ला घटनापीठाने ही फाळणी मोडीत काढली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड पीठावर होते, निकालपत्र न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिलं. पेन्शन ही सरकारच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नव्हे, आधी केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, हे तत्त्व त्या निकालाने पक्कं केलं. १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो याचसाठी.

पण तारखांचा खेळ संपला नाही. केंद्राने १ जानेवारी २००४ पासूनच्या भरतीला, महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासूनच्या, हरियाणाने १ जानेवारी २००६ पासूनच्या भरतीला जुनी पेन्शन बंद केली. एकाच वर्गात शिकवणाऱ्या दोन शिक्षकांपैकी ऑक्टोबरात रुजू झालेल्याला निम्मा पगार आणि महागाई भत्ता हयातभर, आणि नोव्हेंबरातल्याला बाजार देईल ते. या अन्यायाची चीड खरी आहे. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आठवडाभर संपावर होते. त्याआधी फेब्रुवारीत हरियाणाचे कर्मचारी पंचकुल्यात पाण्याचे फवारे झेलत होते. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल यांनी जुनी पेन्शन परत आणण्याची घोषणा केली. अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली: २५ वर्षं सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी, दहा वर्षं सेवेला किमान १०,००० रुपये. पाठोपाठ महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही तोच मार्ग धरला. दहा वर्षांच्या सरकारी सेवेला किमान १०,००० आणि दहा वर्षांच्या कारखान्यातल्या नोकरीला किमान १,०००. दोन्ही आकडे एकाच केंद्र सरकारचे आहेत. संपाची ताकद मोजायची असेल तर ही दहापट पुरेशी आहे.

तिसरा वर्ग म्हणजे ज्याने कुठेच काही भरलेलं नाही असा माणूस. हरियाणात त्याला ‘बुढापा पेन्शन’ म्हणतात आणि तिचा जनक म्हणून ताऊ देवीलाल यांचं नाव घेतात. १९८७ मध्ये सत्तेवर येताच त्यांनी महिना १०० रुपये सुरू केले. तेव्हापासून त्या राज्यात एकही निवडणूक या आकड्याशिवाय झालेली नाही. २०१९ मध्ये देवीलालांच्या पणतूच्या पक्षाने ५,१०० चं आश्वासन दिलं, २०२४ मध्ये काँग्रेसने ६,००० चं. प्रत्यक्षात आकडा दोन-अडीचशेच्या पायऱ्यांनी चढत जानेवारी २०२४ मध्ये ३,००० वर आला. याला रेवडी म्हणणारे म्हणोत. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत ६० ते ७९ वयाच्या गरीब माणसाला केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये आहे आणि २००७ पासून तो हललेला नाही. त्या मानाने हरियाणाचं राजकारण म्हाताऱ्याला काहीतरी देऊन गेलं. निवडणुकीची स्पर्धा असते तिथे भत्ता वाढतो, नसते तिथे गोठतो, इतकं हे उघड आहे. परिणाम मात्र विचित्र झाला: वीस वर्षं वर्गणी भरलेल्या प्रेसवाल्यापेक्षा काहीच न भरलेल्या शेजाऱ्याचा भत्ता मोठा असू शकतो. शेजाऱ्याचं जास्त नाही. प्रेसवाल्याचं कमी आहे.

हरियाणाने अलीकडे पात्रता ठरवण्याचं काम ‘परिवार पहचान पत्र’ या नोंदवहीवर सोपवलं. वय ६० झालं, उत्पन्न तीन लाखांच्या आत असलं, की भत्ता आपोआप सुरू. कल्पना चांगली आहे आणि अनेकांना खरोखरच खेटे न घालता पैसे मिळाले. पण नोंदवही सुरू करते तशी बंदही करते. सप्टेंबर २०२२ मध्ये रोहतकमध्ये कागदावर मृत ठरवल्या गेलेल्या १०२ वर्षांच्या एका आजोबांनी नोटांची माळ घालून, वाजतगाजत आपली वरात काढली आणि ‘थारा फूफा अभी जिंदा है’ असा फलक मिरवला. बातमी देशभर हसत वाचली गेली, पेन्शन पुन्हा सुरू झाली. ज्यांना वरात काढणं जमलं नाही त्यांचं काय झालं, ही बातमी होत नाही.

हयातीचा दाखला हाही याच घराण्यातला. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ आलं आणि बँकेत रांग लावण्याऐवजी बोटाचा ठसा पुरेसा झाला. कुणाच्या बोटाचा? आयुष्यभर पत्रा, सिमेंट आणि तेल हाताळून ज्याच्या रेषा पुसल्या गेल्या, किंवा ज्याचं बोटच साच्याखाली राहिलं, त्याला यंत्र ओळखत नाही. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय २०२१ मध्ये आली. मधल्या सात वर्षांत कारखान्यातल्या माणसाने आपण जिवंत आहोत हे ज्या अवयवाने सिद्ध करायचं, तोच अवयव कारखान्यात खर्ची पडलेला होता.

अपंगत्वाच्या टक्क्यांची गंमत आणखी वेगळी. ईएसआयचं वैद्यकीय मंडळ मोजतं ती कमावण्याच्या क्षमतेतली घट. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ खालचा दाखला मोजतो शरीरातला दोष, आणि बहुतेक सवलतींची रेषा ४० टक्क्यांवर आहे. केंद्राची अपंगत्व पेन्शन, महिना ३०० रुपये, मिळायला ८० टक्के लागतात. एक-दोन बोटं गमावलेला माणूस सहसा या रेषांच्या आसपासही पोचत नाही. म्हणजे ईएसआयच्या लेखी तो कायमचा अपंग आणि समाजकल्याण खात्याच्या लेखी धडधाकट. प्रेसवर परत घ्यायला मालक तयार नसतो, कारण त्याच्या लेखी हा माणूस आता कामाचा नाही. तीन दरवाजे, तीन मापं. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेखाली दिव्यांगांची रक्कम वाढावी म्हणून बच्चू कडूंना जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसावं लागलं. त्यानंतर ती १,५०० वरून २,५०० झाली. इथेही टक्का डॉक्टरने मोजला आणि आकडा आंदोलनाने हलवला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुने कायदे तिच्यात सामावले जात आहेत, ॲपवर काम करणाऱ्यांनाही तिने पहिल्यांदा व्याख्येत जागा दिली. वकिलांना आणि सल्लागारांना पुढची काही वर्षं तिच्यात भरपूर काम आहे. पण व्याख्या रुंद झाल्याने नोंदणीची तारीख आपोआप अपघाताच्या आधी सरकत नाही. ती सरकवायला तपासनीस लागतो, आणि अपघातानंतर निघालेल्या प्रत्येक ओळखपत्राला मालकाचा कबुलीजबाब मानणारं कार्यालय लागतं. ती माहिती महामंडळाच्या संगणकात आजही आहे: नोंदणीची तारीख आणि अपघाताची तारीख, शेजारी शेजारी. त्या दोन रकान्यांची वजाबाकी करायला नवा कायदा नको.

या विषयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने म्हणून अर्थसंकल्पातल्या कोटींपासून सुरुवात करू नये. आपल्या ओळखीतल्या एखाद्या कामगाराचं ईएसआयचं ओळखपत्र आणि पीएफचं पासबुक मागून घ्यावं, रुजू झाल्याची तारीख त्याच्या तोंडून ऐकावी आणि कागदावरची ताडून पाहावी. आणि वाचकांपैकी कुणाचा भोसरीत, सातपूरला किंवा फरीदाबादेत छोटासा कारखाना असेल, तर त्यांना एवढीच विनंती की उद्या सकाळी येणाऱ्या नव्या माणसाची नोंदणी, तो यंत्राला हात लावण्यापूर्वी करा.